प्रिलिम चार दिवसांवर आलीय आणि पोर्शन बाकी आहे? रिव्हिजन अशी करा

वर्षभर किती तास वाया गेले याचा हिशोब आत्ता काढत बसू नका, त्यात अर्धा दिवस जातो आणि मार्क एकही वाढत नाही. मी बरीच वर्षं शाळेतल्या मोठ्या वर्गांना शिकवतेय आणि प्रिलिमच्या आधीच्या आठवड्यात मुलांना जे सल्ले मिळतात ते ऐकून खरंच वैताग येतो. पहाटे उठ, पॉझिटिव्ह राहा, रंगीत टाइमटेबल कर, अख्खं पुस्तक तीनदा वाच. टाइमटेबल रंगवण्यात जी संध्याकाळ जाते तेवढ्यात एक धडा होतो.

पुस्तकं, वह्या, जुने पेपर आणि कुठल्या दिवशी कुठला पेपर हे सगळं हाताशी आहे असं धरून पुढे जाते.

आधी छाटणी

प्रत्येक विषयाचा एक कागद घ्या, धड्यांची नावं लिहा आणि समोर तीनपैकी एकच शब्द टाका: येतं, अर्धवट, कोरं. पाच मिनिटांचं काम आहे. जास्तीत जास्त वेळ अर्धवटवाल्यांना द्यायचा, कारण अर्धवट येणारा धडा तास-दीड तासात मार्क देणारा होतो आणि कोरा धडा अख्खा दिवस खाऊन एखादी व्याख्या हातात ठेवतो. कोऱ्यातलं फक्त जास्त मार्कांचं उचला, तेही व्याख्या, सूत्रं आणि आकृती एवढंच, बाकीचं प्रिलिम झाल्यावर बघू. आणि कृपा करून पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नका. दरवेळी तिथूनच सुरू केल्यामुळे पहिला धडा सगळ्यांचा तोंडपाठ असतो आणि शेवटचे तीन कोरे करकरीत.

मग पुस्तक मिटून लिहायचं (इथे सगळे अडकतात)

करायचं एवढंच. धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते सगळं लिहा. नंतर पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनाने राहिलेलं भरा. वाचायला सोपं वाटतं ना? मलाही शाळेत असताना हे अजिबात झेपायचं नाही, कारण चार ओळी लिहून झाल्या की डोकं रिकामं होतं आणि हात आपोआप पुस्तकाकडे जातो. एकदा पुस्तक उघडलं की "हां हां, हे तर येतंच होतं" असं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. बघितल्यावर ओळखता येणं आणि न बघता लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेपरात दुसरीचेच मार्क मिळतात.

म्हणून माझा नियम आहे की अडकलात की लगेच पुस्तक उघडायचं नाही, आधी दोन-तीन मिनिटं आडवाटेने प्रयत्न करायचा. समजा हृदयातून रक्त कसं फिरतं ते लिहिताय. शरीरातून रक्त उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात आलं, तिथून खालच्या कप्प्यात गेलं, तिथून फुप्फुसांकडे... आणि ही नळी धमनी की शिरा, इथे गाडी थांबली. बहुतेक मुलं "शिरा" लिहितात, कारण रक्त अशुद्ध आहे आणि अशुद्ध रक्त म्हणजे शिरा असं डोक्यात बसलेलं असतं. आता पुस्तक न उघडता स्वतःलाच विचारा की धमनी म्हणजे नक्की काय? हृदयाकडून बाहेर नेते ती धमनी. मग ही धमनीच झाली, आत रक्त ऑक्सिजन कमी असलेलं असलं तरी. असं स्वतः काढलेलं उत्तर सहसा विसरत नाही, पुस्तकात बघून लिहिलेलं मात्र संध्याकाळपर्यंत उडतं.

नाहीच आठवलं तर तिथे रिकामी जागा सोडा, पुढचं लिहा, सगळं संपल्यावरच पुस्तक उघडा. दर ओळीला डोकावत असाल तर ती रिव्हिजन नाही, ते उतरवून काढणं झालं. आणि भरलेल्या जागा प्रामाणिकपणे वेगळ्या रंगातच भरा, कारण तोच रंग उद्याचं काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन कागदावर फक्त तेवढंच परत, न बघता.

लगेच परत का नाही? कारण पाच मिनिटांपूर्वी वाचलेलं कोणालाही आठवतं, त्यात काहीच सिद्ध होत नाही. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच गळतं आणि नंतर गळती मंदावते. म्हणजे सकाळी जे उरलं ते बऱ्यापैकी तुमचं.

आता ही पद्धत मुलं दोन दिवसांत सोडून देतात त्याचं कारणही सांगते. ती करताना आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. नुसतं वाचताना सगळं येतंय असं वाटतं, म्हणून माणूस परत वाचनाकडे पळतो. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर नुसतं वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४२ वर आले आणि आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. तेव्हा पहिल्या दिवशी वाईट वाटलं तर वाटू द्या. आणि हायलाइटर ड्रॉवरमध्ये ठेवा, पान पिवळं होतं, बाकी काही होत नाही.

गणितं मिसळून सोडवा

एकाच धड्यातली सलग दहा गणितं सोडवलीत तर तिसऱ्यापासून हात आपोआप चालतो, डोकं बंद. पेपरात मात्र हे कुठल्या धड्यातलं ते कोणी सांगत नाही, म्हणून चार धड्यांतली एकेक उचला. आणि चूक झाली की पुढे "सिली मिस्टेक" लिहून मोकळे होऊ नका, नक्की कुठे घसरलात ते लिहा. उदाहरण देते, ६ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडलेत. एक भागिले सहा अधिक एक भागिले तीन, उत्तर १/२, आणि मुलगा खाली ०.५ ओहम लिहून दोन रेघा मारतो. शेवटी उलटायचं राहिलं, खरं उत्तर २ ओहम. वहीत लिहायचं ते हे: "समांतर, शेवटी उलटायचं." सोबत पडताळाही लिहून ठेवा, दोनच रोध समांतर असतील तर उत्तर लहान रोधापेक्षा कमी येतं पण त्याच्या निम्म्याच्या खाली कधीच जात नाही, म्हणजे इथे १.५ च्या खाली काही आलं की हात थांबला पाहिजे. अशा आठ-दहा ओळींचा एक कागद प्रत्येक विषयाचा झाला की तुमच्या नोट्स झाल्या, वेगळ्या काढायची गरज नाही.

एक पेपर घड्याळ लावून

प्रत्येक विषयाचा निदान एक जुना पेपर, पूर्ण वेळ बसून. ८० मार्कांना ३ तास असतील तर शेवटची १५ मिनिटं तपासायला ठेवून मार्काला साधारण २ मिनिटं येतात, म्हणजे ३ मार्कांच्या उत्तरावर १५ मिनिटं घालवणारा शेवटचा प्रश्न सोडूनच येणार. आयएमपी प्रश्नांच्या ज्या याद्या फिरतात त्यांच्या नादी लागू नका. प्रिलिममध्ये नशिबाने मार्क मिळाले तर आपलं कच्चं काय तेच कळत नाही.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. रात्री झोपा, जागून वाचलेलं डोक्यात बसत नाही.

पेपरच्या दिवशी

सकाळी फक्त तो चुकांचा कागद आणि सूत्रं वाचा. हो, इथे नुसतं वाचलेलं चालतं, कारण पेपर तासाभरावर आहे, आठवड्यावर नाही. नवीन धडा उघडायचा नाही आणि गेटवर "तू ते केलंस का" विचारणाऱ्यांपासून चार हात लांब राहायचं.

पेपर झाल्यावर उत्तरं जुळवत बसू नका. पण प्रश्नपत्रिका घरी मिळत असेल तर त्याच दिवशी तिच्यावर पेन्सिलने खुणा करा: कुठे अडकलात, कुठे अंदाजाने लिहिलंत, कुठे वेळ पुरला नाही. अंदाजाने लिहिलेलं बरोबर आलं तर तपासलेल्या पेपरात त्यावर नुसती टिक दिसते, आणि फायनलच्या छाटणीत तो धडा चुकून "येतं" मध्ये जाऊन बसतो.