'सिलेक्टिव्ह' म्हणताना या चुका टाळा

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानानं 'ओन्ली सिलेक्टिव्ह सारीज' अशी पाटी लावली. इंग्रजी चांगलं येणाऱ्याला वाटेल, इथल्या साड्याच गिऱ्हाईक पारखून घेतात की काय! म्हणायचं असतं 'निवडक साड्या', आणि त्याला शब्द आहे 'सिलेक्टेड' किंवा नुसतं 'सिलेक्ट'. निवडक कवितांचा संग्रहही 'सिलेक्टेड पोएम्स'च.

निवडला गेला तो सिलेक्टेड, निवड करतो तो सिलेक्टिव्ह. 'क्रिएटेड' आणि 'क्रिएटिव्ह' आठवा, घोळ होणार नाही. म्हणजे साड्या सिलेक्टेड, आणि शंभर घड्या उलगडून एकही न घेणाऱ्या काकू सिलेक्टिव्ह.

हा निवडणारा माणूसच असायला हवा असं नाही. आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला हे सांगावं लागत नाही, कारण तणनाशक घेताना ते सिलेक्टिव्ह आहे का, हे तो आधी विचारतो. २,४-डी रुंद पानांचं तण मारतं आणि ऊस गवताच्या कुळातला म्हणून सहसा वाचतो. ग्लायफोसेट नॉन-सिलेक्टिव्ह, हराळी असो वा ऊस, हिरवं दिसेल ते जाळतं. (२,४-डी वाऱ्यानं शेजारच्या वांग्यांवर उडालं तर मात्र भांडण ठरलेलं, कारण वांगीही रुंद पानांचीच.)

'सिलेक्टिव्ह मेमरी'तही निवड करते ती आठवणच. दिलेले उसने पैसे लख्ख आठवतात, घेतलेले नाहीत! हा टोमणा आहे. साहेबांचं कौतुक म्हणून वापरू नका.

'चूझी'चंही तसंच. अर्थ जवळचा, पण त्याला नाक मुरडण्याचा वास आहे. स्थळं बघताना घरात 'पोरगी फार चूझी आहे' म्हणतात तेव्हा कुणी तिचं कौतुक करत नसतं. मुलाखतीत स्वतःबद्दल सांगायचं तर 'सिलेक्टिव्ह' बरा. चोखंदळ गिऱ्हाइकाला मान द्यायचा असेल तर 'डिसर्निंग', आणि माझ्या मते जाहिरातीत हाच शोभतो.

'सिलेक्टिव्ह'च्या पुढे येणारं अव्यय 'अबाउट': 'शी इज सिलेक्टिव्ह अबाउट हर फ्रेंड्स'. आपण 'मैत्रिणींसाठी' असा विचार करून 'फॉर' लावतो, तो इथं चालत नाही. आणि 'चूझी' लिहिताना 'चूज'मधला शेवटचा 'ई' काढून 'वाय' लावा. 'ई' ठेवलेलं रूपही दिसतं, पण परीक्षेत बिनधास्त गाळा.