बिनगिअरच्या सायकलने कामावर जाताय? या चुका टाळा

मी रोज कोथरूडहून डेक्कनला बिनगिअरच्या सायकलने जातो. एका बाजूचं अंतर साडेपाच किलोमीटर. सकाळी कर्वे रस्त्याचा उतार सोबतीला असतो आणि संध्याकाळी दमून घरी निघालं की तोच चढ बनून समोर येतो. हौसेने सायकल घेऊन दोन महिन्यांत ती जिन्याखाली लावून टाकणारी बरीच माणसं मी पाहिली आहेत. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची चेन सारखी पडते. ‘गिअर नाहीत ना, म्हणून,’ असं त्यांना वाटतं. मला ते पटत नाही. एकच गिअर असला तर तो आपल्या रस्त्याला आणि आपल्या पायांना बेतलेला हवा, आणि बहुतेकांनी तो बेतून घेतलेलाच नसतो.

दुकानातून आला तोच गिअर ठेवणं

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो. पायडलजवळच्या पुढच्या चक्राचे दाते मोजा, मग मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या छोट्या दातेरी चक्राचे मोजा. आपल्याकडच्या उभ्या साध्या सायकलीला बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, म्हणजे २८ इंची चाकाची सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. सपाटीला हे छान आहे. पण चढावर, पाठीमागे डबा आणि लॅपटॉप असताना, दर फेऱ्याला एवढं अंतर ओढायचं म्हणजे सगळा भार गुडघ्यावर येतो.

मागे २० दात्यांचं फ्रीव्हील बसवलं की तेच अंतर ४.८ मीटरवर येतं. मिनिटाला ६० फेरे धरले तर सपाटीवरचा वेग ताशी १९ किलोमीटरवरून १७ वर उतरतो. साडेपाच किलोमीटरमागे दोन मिनिटं जास्त लागतात, एवढाच तोटा. त्या बदल्यात चढावर बसल्या बसल्या पायडल मारता येतं. फ्रीव्हील बदलल्यावर चाक थोडं पुढे घ्यावं लागतं. तेवढी जागा नसेल तर चेनमध्ये दोन कड्या वाढवायच्या. सायकल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हे काम होतं. चाचणी एकच: घरच्या वाटेवरचा सगळ्यात अवघड चढ सीटवरून न उठता पार झाला पाहिजे.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर सीटही बघून घ्या. पाय पटकन टेकावेत म्हणून लोक ती खाली ठेवतात. टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. वाकलेला राहत असेल तर सीट वर घ्या.

चेन सैल सोडणं, किंवा नको तितकी ताणणं

गिअरच्या सायकलीला सैल चेन ओढून धरणारी स्प्रिंगची यंत्रणा असते, आपल्या सायकलीला नसते. ताण राहतो तो फक्त मागचं चाक किती मागे ओढलंय यावर. चेनच्या मध्यावर बोटाने वरखाली हलवून बघा, अर्धा इंच हलली पाहिजे. पण एकाच जागी बघून समाधान मानू नका. पुढचं चक्र क्वचितच अगदी गोल असतं, त्यामुळे एकाच फेऱ्यात चेन कुठे ताठ होते, कुठे ढिली. पायडल हळूहळू पूर्ण फिरवा, सगळ्यात ताठ जागा शोधा आणि अर्धा इंच तिथे मोजा. तिथे चेन तारेसारखी ताठ असेल तर बेअरिंग खराब होतात आणि सायकल जड चालते.

चाक मागे ओढल्यावर ते फ्रेमच्या दोन्ही दांड्यांच्या बरोबर मध्ये आहे ना, पाहा. तिरकं राहिलं तर ताण बरोबर असूनही चेन पडते. आणि तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक असतील तर निघण्याआधी मागचा ब्रेक दाबून बघाच. चाक सरकलं की रबर रिमवर लागण्याची जागाही सरकते.

चेन किती झिजलीय ते शाळेतल्या फूटपट्टीने कळतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढच्या चोवीस कड्या मोजा. चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर गेली असेल तर फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असणार. तिथे नवी चेन टाकली तर ती दात्यांवरून उडते, आणि नेमकी जोर लावून उभं असताना उडते. तेव्हा दोन्ही एकदमच बदला.

तेल कमी घाला. दर कडीवर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग कापडाने बाहेरचं सगळं पुसून काढा. बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि तीच चेन खाते. खोबरेल तेल नको, ते चिकट होतं.

पायडलमधली ‘कट्ट’ सहन करणं

दर फेऱ्याला एकदा कट्ट असा आवाज येत असेल तर कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा मधल्या एक्सलला घट्ट धरणारी खुंटी, ढिली झाली असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही पायडल समोर-मागे आडवी धरून हातांनी एकदम खाली दाबा, मग अर्धा फेरा फिरवून पुन्हा दाबा. कुठे दांडा किंचित उसळला तर पिन गेली. नुसता नट आवळू नका, आटे जातात. पिन ठोकूनच बसवावी लागते, आणि ती दुकानात बसवून घेतलेली बरी. तशीच चालवत राहिलात तर दहावीस रुपयांच्या पिनेपायी अख्खा एक्सल बदलायची वेळ येते.

पंक्चर नसताना ट्यूब बदलणं

रात्री भरलेली हवा सकाळी गेलेली, पाण्यात बुडवलं तर ट्यूब शाबूत. अशा वेळी आधी व्हॉल्व्ह बघा. त्याच्या तोंडाला थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा फुगला तर आतली रबराची नळी, जिला दुकानात वॉलट्यूब म्हणतात, सुकून चिरली आहे. बोटभर वॉलट्यूब कापून चढवली की काम झालं. मी एक तुकडा नेहमी डब्याच्या पिशवीत ठेवतो.

पावसात कोरड्या रस्त्यासारखे ब्रेक मारणं

ओल्या स्टीलच्या रिमवर पहिल्या दाबाला ब्रेक जवळपास लागतच नाही. रबराने आधी पाणी पुसलं जातं, मग पकड येते. नळ स्टॉपच्या सिग्नलकडे उतरताना मी पन्नास पावलं आधीपासून दोन्ही ब्रेक हलके टेकवून ठेवतो, म्हणजे वेळ येईपर्यंत रिम पुसलेली असते. फक्त मागचा ब्रेक वापरायची सवय असेल तर ती पाऊस सुरू होण्याआधी, कोरड्या रस्त्यावरच मोडा. आणि पाणी साचलं असताना रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला जाऊ नका. गटाराच्या जाळ्या तिथेच असतात, त्यांच्या उभ्या फटीत चाक अडकतं आणि पाण्याखाली त्या दिसत नाहीत. कडेपासून हातभर अंतर ठेवा, मागून कितीही हॉर्न वाजले तरी.