एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना टॉनिक देताय? या चुका टाळा

एआरटी (एचआयव्हीला दाबणारी रोजची औषधं) सेंटरवर समुपदेशनाला बसलं की एक प्रश्न ठरलेला: "मॅडम, पेशी वाढायला कुठलं टॉनिक देऊ?" या सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी, टॉनिकने वाढत नाहीत. एआरटीने विषाणू दबला की त्या हळूहळू वाढतात. महिन्याभरात फरक हवा म्हणून महागड्या बाटल्या आणणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण घाईत मूळ औषधाकडेच दुर्लक्ष होतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे टॉनिक आणि एआरटी एकत्र देणं. एका मुलीचा छान दबलेला व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) अचानक वर गेला. आई-वडील नाहीत, आजी सांभाळते. उरलेल्या गोळ्या मोजल्या, हिशोब चोख. शेवटी म्हटलं, "आजी, घरी कसं देता ते इथं करून दाखवा." त्यांनी वाटीतल्या पाण्यात गोळी विरघळवली आणि त्यातच लोह-जस्ताचं टॉनिक ओतलं. "दोनदा कशाला रडवायचं लेकराला?" माया खरी, पण औषध वाया जात होतं. लोह, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्याशी डोल्युटेग्रॅव्हिर हे एआरटीतलं औषध पोटातच बांधलं जातं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. हे औषध टॉनिकच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर द्यायचं. लोह आणि कॅल्शियम भरपेट जेवणासोबत औषधाबरोबर चालतं, पण ही सवलत मी घरच्यांना सांगत नाही. जेवण कधी होतं, कधी राहतं. माझ्याकडे एकच वेळापत्रक: सकाळी एआरटी, शाळेतून आल्यावर टॉनिक. आजींनी ते पाळलं आणि पुढच्या तपासणीत लोड खाली आला.

दुसरी चूक जीवनसत्त्व अ ची, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. "आधीच इतकी औषधं चालू आहेत" म्हणून काही पालक अंगणवाडीतला डोस चुकवतात. तो या मुलांनाही हवाच: नवव्या महिन्यात १ लाख युनिट, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये न्यूमोनियाने दाखल झालेल्या एचआयव्हीबाधित मुलांमध्ये या जीवनसत्त्वाने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं होतं. उलट काही जण तो डोस देऊन वर रोज कॉड लिव्हर ऑइल आणि मल्टीव्हिटॅमिन चालू ठेवतात. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं. जास्त झालं की उलट्या, डोकेदुखी, यकृताला इजा. दुप्पट दिलं म्हणजे दुप्पट ताकद येते, असंही नाही. युगांडात १ ते ५ वर्षांच्या एचआयव्हीबाधित मुलांना जीवनसत्त्वं आणि खनिजं रोजच्या गरजेच्या दुप्पट देऊन पाहिली. नेहमीच्या मात्रेच्या तुलनेत ना मृत्यू घटले, ना सीडी४ वाढल्या.

झिडोव्हुडीन हे एआरटीतलं औषध चालू असताना मूल पांढरं पडलं तर स्वतःच्या मनाने लोहाचं टॉनिक सुरू करू नका. औषधानेच रक्त कमी होऊ शकतं. आधी हिमोग्लोबिन तपासा, डॉक्टरांना दाखवा.

टीबी टाळण्यासाठी आयसोनियाझिड चालू असेल तर सोबतची बी६ ची गोळी "साधं व्हिटॅमिन" म्हणून बाजूला ठेवू नका. ती नसांच्या बचावासाठी आहे.

आणि पावडरच्या डब्याआधी ताट बघा. या मुलांना ठणठणीत असतानाही सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते, वजन घटत असेल तर ५० ते १०० टक्के. डब्याच्या पैशांत महिनाभर अंडी, शेंगदाण्याची चिक्की आणि वरणावर चमचाभर तेल सहज बसतं.