अल्फा ६७०० ‘बिघडला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

सोनीचा अल्फा ६००० आला २०१४ साली. जड डीएसएलआर घरी ठेवून खांद्यावरच्या छोट्या पिशवीत मावणारा कॅमेरा घ्यावा, असं अनेक हौशी लोकांना वाटायला लागलं ते त्याच्यासारख्या कॅमेऱ्यांमुळे. जुलै २०२३मध्ये जाहीर झालेला ६७०० त्याच घराण्यातला. अंगकाठी थोडी भरली आहे, पण ठेवण तीच. आतलं मात्र बरंच बदललं: २६ मेगापिक्सेलचा नवा एपीएस-सी (मध्यम आकाराचा) सेन्सर, हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण बॉडीतच, विषय ओळखण्यासाठी वेगळा एआय प्रोसेसर, मोठी बॅटरी, बाजूला उघडून फिरणारी स्क्रीन.

गंमत अशी की जुन्या ६००० किंवा ६४०० वर हात बसलेला माणूसच इथे जास्त अडखळतो. बटणं ओळखीची वाटतात, त्यामुळे मेनू कोण उघडतोय! मग तक्रारी सुरू होतात: फोकस भलतीकडे जातो, आतून काहीतरी खुळखुळतं, स्क्रीन मधेच काळी पडते. यातल्या बहुतेक वेळी कॅमेरा ठणठणीत असतो.

पक्षी सोडून नावाड्यावर फोकस

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही. भिगवणला पहाटे नावेत बसायचं, समोर रोहित पक्ष्यांचा थवा, आणि फोकसची चौकट जाऊन बसते पुढच्या नावाड्याच्या चेहऱ्यावर. इतका महागडा एआय काय कामाचा, असं मग वाटतं.

६७०० माणूस, प्राणी, पक्षी, कीटक, गाडी किंवा रेल्वे आणि विमान ओळखतो, पण यातलं काय शोधायचं हे आपण त्याला सांगावं लागतं. समोर काय आहे ते पाहून तो स्वतःहून यादी बदलत नाही. सेटिंग ‘माणूस’वर राहिली असेल तर तो इमानेइतबारे माणूसच शोधणार. फोकसच्या मेनूत विषय ओळखण्याचा भाग आहे, तिथे पक्षी निवडा. खरा उपाय मात्र पुढचा: हीच निवड एखाद्या कस्टम बटणावर नेमून ठेवा. नावेत बसल्यावर, पक्षी उडायच्या बेतात असताना मेनू चाळत बसणं शक्यच नसतं. कुत्र्या-मांजरांसकट पक्षीही टिपायचे असतील तर प्राणी आणि पक्षी एकत्र धरणारा पर्याय आहे, पण फक्त पक्ष्यांसाठी गेला असाल तर नुसता पक्षीच ठेवावा असं माझं मत.

दुसरी गोष्ट, विषय ओळखणं म्हणजे फोकसचं क्षेत्र निवडणं नव्हे. क्षेत्र ‘वाइड’ म्हणजे पूर्ण फ्रेमभर ठेवून झाडीत लपलेला पक्षी मिळत नाही, कारण पुढची फांदी आधी फोकस खेचते. छोट्या चौकटीचं ट्रॅकिंग घ्या, चौकट पक्ष्यावर टेकवा, शटर अर्धं दाबा आणि मग फ्रेम हलवा.

स्थिरीकरणाकडून नको ती अपेक्षा

६४०० मध्ये बॉडीतलं स्थिरीकरण नव्हतं, ६७०० मध्ये ते आहे. म्हणून लोक संध्याकाळी शटरचा वेग १/१५ सेकंदावर आणतात आणि पळणारं पोर टिपतात. भिंत चकचकीत येते, पोर पुसट. स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, पोराची धाव नाही. मुलांसाठी शटर १/२५० च्या खाली नेऊ नका, त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढला तरी चालेल. या सेन्सरवर ३२०० ला घाबरायचं कारण नाही.

जुनी मॅन्युअल लेन्स अॅडॉप्टरने लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसतो, त्यामुळे ती किती मिलिमीटरची आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही. स्थिरीकरणाच्या मेनूत फोकल लेन्थ हाताने भरा. शटरच दबत नसेल तर ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करायचं राहिलंय.

आणि तो खुळखुळाट? कॅमेरा बंद असताना सेन्सरची चौकट मोकळी असते, म्हणून हलवल्यावर बारीक आवाज येतो. चालू केल्यावर थांबला तर निर्धास्त राहा.

मंगल कार्यालयातले पट्टे

लग्नात पुरोहितांच्या कानाशी खटखट नको म्हणून सायलेंट मोड लावला, आणि घरी येऊन पाहतात तर हळदीच्या प्रत्येक फोटोत आडवे काळपट पट्टे. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. तो सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि तेवढ्या वेळात एलईडीचा उजेड कमी-जास्त होत असतो. काही ओळी उजळ येतात, काही मंद. फोटोशॉपमध्ये ते नीट निघत नाही, त्यामुळे तिथेच सांभाळायला हवं. मेकॅनिकल शटर घ्या आणि दिव्याच्या लुकलुकीशी वेळ जुळवणारं अँटी-फ्लिकर चालू करा. ती सोय मेकॅनिकल शटरबरोबरच चालते. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये फ्लॅशही पेटत नाही, ही तक्रार त्यातूनच येते.

व्हिडिओसाठी आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवा. कॅमेरा पॅलवर (५० हर्ट्झच्या देशांतली व्हिडिओ पद्धत) ठेवून सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम, आणि शटर १/५० किंवा १/१००. परदेशी यूट्यूबर १/६० सांगतो, पण तो त्याच्या देशातल्या विजेच्या हिशेबाने बोलत असतो. स्टेजवरच्या डिमर लावलेल्या स्वस्त एलईडी पट्ट्या मात्र यालाही जुमानत नाहीत. तिथे आधी एक चाचणी क्लिप घ्यावी.

काळी स्क्रीन, दोन कारणं

पहिलं कारण गळ्यातला पट्टा. तो किंवा अंगठा व्ह्यूफाइंडरजवळच्या डोळ्याच्या सेन्सरवर आला की कॅमेऱ्याला वाटतं तुम्ही डोळा लावलात. चित्र आत जातं, मागची स्क्रीन काळी. बदल आपोआप होण्याऐवजी स्क्रीन कायम चालू असं सेट करता येतं.

दुसरं स्टुडिओत दिसतं. फ्लॅशचा ट्रिगर लावला, शटर १/१६० आणि लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ८ केलं, की समोर अंधार. कॅमेरा एक्सपोजरप्रमाणे चित्र दाखवतो, आणि फ्लॅश पेटण्याआधी खोलीत तेवढा उजेडच नसतो. लाइव्ह व्ह्यूमधली ‘सेटिंगचा परिणाम दाखवा’ ही सोय बंद करा, चेहरा दिसायला लागेल.

तापणं आणि कार्ड

फोर-के ५० किंवा १०० फ्रेमवर लांब क्लिप घेताना कॅमेरा तापून बंद होतो, मे महिन्याच्या उन्हात तर हमखास. एवढ्या छोट्या बॉडीत पंखा नाही, त्यामुळे यावर पूर्ण इलाज नाही. तापमानाची मर्यादा मेनूतून ‘हाय’ ठेवा, स्क्रीन बॉडीपासून उघडी ठेवा, गरज नसेल तिथे २५ फ्रेमवर भागवा. १०० फ्रेमच्या स्लो मोशनला चित्राच्या कडा कापल्या जाऊन ते सुमारे १.५८ पट जवळ आल्यासारखं दिसतं, हेही आधीच धरून चाला, नाहीतर खोलीत मागे सरायला जागा उरत नाही.

कार्डाच्या दर्शनी बाजूला मोठ्या आकड्यात छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. व्हिडिओसाठी बघायचा तो व्हीचा आकडा, म्हणजे दर सेकंदाला किमान किती मेगाबाइट सलग लिहिले जातील तो. ऑल-इंट्रामध्ये (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारा प्रकार) फोर-के ५० फ्रेमला दर सेकंदाला ५०० मेगाबिट, म्हणजे साडेबासष्ट मेगाबाइट लिहावे लागतात. व्ही ३० तिथे तोकडं पडतं, व्ही ९० लागतं. साध्या लाँग-जीओपी (फ्रेममधला फरकच साठवणारा प्रकार) २५ फ्रेमला व्ही ३० पुरतं. लग्न शूट करत नसाल तर उगाच महाग कार्ड घेऊ नका.

जुन्या ६४०० च्या बॅटऱ्याही यात बसत नाहीत, ती बॅटरी वेगळी. नवी एकच जास्तीची घ्या, दिवस निघतो.

आकाशातला ठिपका

६७०० सारख्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नाही, त्यामुळे लेन्स काढली की सेन्सर समोरच. कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, वाऱ्याकडे पाठ करून लेन्स बदला. आत धूळ शिरली का ते पाहायचं तर एफ १६ वर निरभ्र आकाशाचा फोटो घ्या. प्रत्येक फोटोत ठिपका त्याच जागी असेल तर सेन्सरवर धूळ आहे. हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे जास्त चिकटतात. फोटो स्वच्छ आणि ठिपका फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत असेल तर त्याचीच काच पुसा. आणि व्ह्यूफाइंडरमधलं सगळंच धूसर दिसत असेल तर त्याच्या बाजूचं डायऑप्टरचं (नजरेचा नंबर जुळवणारं) चाक आपल्या चष्म्याप्रमाणे फिरवा.

एवढं करूनही कॅमेरा बंद-चालू करायला सांगणारी एररची पाटी वारंवार येत असेल, तर लेन्सचे सोनेरी पिन कोरड्या मऊ कापडाने पुसून दुसरी लेन्स लावून बघा. दुसऱ्या लेन्सवर पाटी येत नसेल तर बॉडी घरी ठेवून फक्त लेन्स सर्व्हिस सेंटरला न्या.