आपण केलेली वस्तू ग्रुपवर कशी मांडावी

वावरात काही नवे उभे केले की ते दाखवण्यासाठी गावात वेगळे काही करावे लागत नाही. जाणारा-येणारा धुऱ्यावर थांबतो, हात लावून पाहतो, दोन खोचक शंका काढतो आणि संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर त्याची चर्चा झालेली असते. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र तसे होत नाही. तिथे एका ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत माणसे असू शकतात, त्यांतल्या बहुतेकांनी आपले तोंडही पाहिलेले नसते, आणि टॉनिक, बियाणे व झटपट कर्जाच्या जाहिरातींना ती आधीच विटलेली असतात. त्यामुळे ‘मी हे तयार केले’ असे वाक्य दिसले की हा काहीतरी विकायला आला आहे, असाच अर्थ प्रथम घेतला जातो.

हरभऱ्यात रात्री येणाऱ्या रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, पळवण्यासाठी मी जुन्या मोटारसायकलच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा भोंगा बसवला होता; समोर हालचाल झाली की सेन्सर तो चालू करीत असे. पहिल्यांदा तो ग्रुपवर टाकताना मी चार फोटो आणि ‘माझा नवीन प्रयोग, नक्की बघा’ एवढाच मजकूर दिला. वर सुप्रभातचे गुलाब होते, खाली तुरीचे भाव. दोन अंगठे आले, एकाने ‘किंमत?’ असे विचारले, आणि दुपारी अ‍ॅडमिनने जाहिरात समजून पोस्ट काढून टाकली. राग आला, पण रात्री तेच फोटो पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की त्यांत भोंगा होता, बॅटरी होती, मी स्वतःही होतो, फक्त रोही आणि हरभरा कुठेच नव्हता.

पंधरा दिवसांनी एका सदस्याने रोह्यांनी अर्धा एकर हरभरा एका रात्रीत साफ केल्याचे लिहिले. त्याखाली मी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ देऊन असे लिहिले: ‘माझ्याकडे हा भोंगा तीन रात्री चालला. चौथ्या रात्री रोही आवाजाला सरावले आणि भोंग्यापासून वीस पावलांवर चरत उभे राहिले. आवाज बदलता ठेवायचा तर काय करावे?’ त्या रात्री अकरापर्यंत उत्तरे येत होती. दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्याने मेमरी कार्डावर चालणारा छोटा स्पीकर जोडून कुत्र्यांचे भुंकणे, फटाके आणि माणसांची हाकाटी आलटून-पालटून वाजवण्याचे सुचवले, आणि ते पुष्कळ दिवस चालले. पूर्ण झालेल्या वस्तूचे लोक फार तर कौतुक करतात. अडलेली जागा दाखवली तर त्यांना बोलायला काही मिळते.

म्हणून पहिली गोष्ट अशी की आपली पोस्ट तयार ठेवावी, पण ती टाकण्याची घाई करू नये. ग्रुपचे नियम वाचावेत, अ‍ॅडमिनला खासगीत एक ओळ लिहून विचारावे, आणि त्याआधी काही आठवडे इतरांच्या प्रश्नांना आपल्याला येत असलेली उत्तरे द्यावीत. जगभरची माणसे जिथे येतात त्या रेडिटवरही दहा नोंदींपैकी फार तर एक स्वतःच्या कामाची असावी, असा दंडक बराच काळ सांगितला जात असे. मला हे प्रमाण आपल्याकडे जरा उदारच वाटते.

मजकूर लिहिताना वस्तूचे नाव शेवटी यावे. आधी अडचण, मग क्षेत्र आणि हंगाम, मग खर्च, किती रात्री चालले आणि कुठे फसले, असा क्रम ठेवावा. फसलेला भाग लिहायला हात कचरतो. पण वाचणाऱ्याचा विश्वास त्याच भागावर बसतो. माझ्या भोंग्यातला सेन्सर शरीराची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतला फरक ओळखतो, त्यामुळे थंडीत हरभऱ्यावर तो नीट चालतो. उन्हाळी भुईमुगावर, तापलेल्या संध्याकाळी, तो फरकच कमी उरल्याने त्याचा पल्ला घटतो. हे मी आधीच लिहिले नसते तर मे महिन्यात कुणीतरी मला फसवा म्हटले असते, आणि ते खोटेही ठरले नसते.

फोटोत मीटरचा आकडा किंवा जोडणी दाखवायची असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण एरवी व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करते आणि बारीक अक्षरे पुसट होतात. व्हिडिओ मिनिटाच्या आत ठेवावा. वावरात रेंज जेमतेम असते. सोबत मिनिटभराचा आवाजी संदेशही द्यावा, कारण चष्मा घरी ठेवून आलेला माणूस वाचत नाही, ऐकतो.

व्हिडिओ एकदा बाहेर गेला की आपला मजकूर त्याच्याबरोबर जाईलच असे नाही. पाच किंवा अधिक हातांतून आलेला संदेश पुढे एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, अशी मर्यादा २०२० पासून आहे, तरीही चांगली वस्तू थांबत नाही. त्यासाठी गाव, महिना, वर्ष आणि धोक्याची सूचना व्हिडिओत स्वतः बोलून सांगावी. वीज असेल तर हे टाळूच नये. तारेच्या कुंपणात थेट घरगुती वीज सोडल्याने माणसे मेली आहेत, तो गुन्हाही आहे. आपला बारा व्होल्टचा जुगाड पाहून कुणी तसे करू नये, हे सांगणे आपलेच काम आहे.

एक विचार मात्र पोस्ट टाकण्यापूर्वीच करावा लागतो. वस्तूवर पेटंट घ्यायचे मनात असेल तर रचना ग्रुपवर उघड करू नये, कारण १९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोध अर्जापूर्वी जगासमोर आलेला नसावा लागतो. आधी तात्पुरता अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यावा लागतो. बियाण्याच्या वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्याच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जपून, जे वाण तयार केले त्याला घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले आणि ते दूरवर पेरले गेले, तेव्हा हा कायदा नव्हता. श्रेय आणि मोबदला त्यांच्यापर्यंत उशिरा व अपुराच पोहोचला. माझ्या भोंग्यात पेटंट घेण्यासारखे काही नाही, त्यामुळे मी जोडणीचा कागदच ग्रुपवर टाकला.

पोस्ट टाकल्यावरचे दोन तास मोकळे ठेवावेत, निंदण किंवा फवारणीच्या दिवशी टाकू नये. ‘हे तर यूट्यूबवर जुनेच आहे’ असे कुणी लिहिलेच तर त्याला दुवा मागावा. दुवा आला तर तो खरोखर पाहून त्यात वेगळे काय आहे ते लिहावे. किंमत विचारणाऱ्याला विक्री नसल्यास तसे स्पष्ट सांगावे आणि सामानाचा खर्च द्यावा. कुणी टिंगल केली तर उत्तर देऊ नये. आणि ज्याच्या सूचनेने वस्तू सुधारली त्याचे नाव, त्याला विचारून, पुढच्या व्हिडिओत घ्यावे. दारव्हेकरांनी आपले नाव नको, फक्त गाव सांगा, असे कळवले, म्हणून भोंग्याच्या दुसऱ्या व्हिडिओत मी एवढेच म्हणतो की स्पीकरची कल्पना दारव्ह्याची आहे.