कॅम्पिंगला हीटर न्यायचा का? खान्देशातल्या थंडीसाठी असं ठरवा

डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळ, पाल नाहीतर पाटणादेवीचा बेत ठरला की ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "हीटर घ्यायचा का?" तंबूत झोपणार असाल तर माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असंच असतं. तरी प्रत्येकाची गरज वेगळी, म्हणून क्रमाने बघा.

१. रात्रीचा पारा किती उतरेल?
जळगावचा आकडा बघून तोरणमाळचा अंदाज बांधू नका. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, तोरणमाळ अकराशेच्याही वर. थंडीची लाट आली की सातपुड्यात दव गोठतं. रात्री दहा अंशांच्या वर राहणार असेल तर हीटरचा विषय तिथेच संपवा. पाच ते दहात चांगल्या पांघरुणावर भागतं. त्याहून कमी असेल आणि सोबत तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल, तर तंबूचा हट्ट सोडून खोली घ्या.

२. वीज कुठून आणणार?
तंबूपाशी पक्का प्लग असेल तरच विजेच्या हीटरचा विचार करा. पॉवर स्टेशनच्या, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या, भरवशावर राहू नका. ५०० वॅट-तासांच्या बॅटरीवर १००० वॅटचा हीटर अर्धा तासही नीट चालत नाही. गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून एवढी वीज मिळतच नाही.

३. गॅसचा हीटर म्हणजे काय, ते समजून घ्या
खरी मेख इथे आहे. बंद तंबूत ज्योत जळताना ऑक्सिजन कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. निखाऱ्यांची शेगडी आत घेणं तर त्याहून वाईट, कारण धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

दुसरी कटकट पाण्याची. २३० ग्रॅम गॅसचा डबा एक किलोवॅटच्या हीटरवर सुमारे तीन तास पुरतो आणि तेवढ्यात साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास पाण्याची वाफ हवेत सोडतो. पहाटे तीच वाफ तंबूच्या कापडावर थेंब धरते आणि गोधडीवर टपकते. ओली गोधडी म्हणजे हीटर बंद झाल्यावर दुप्पट थंडी.

४. आधी खालची थंडी अडवा
पांघरुणं चार नेतात आणि अंथरायला एक सतरंजी! अंगाची ऊब जमीन ओढून घेते. खाली फोमची मॅट, तिच्यावर घोंगडी किंवा जाड गोधडी. स्लीपिंग बॅग घेताना 'कम्फर्ट' तापमान, म्हणजे ज्यात आरामात झोप लागते ते, बघा, मोठ्या अक्षरातला आकडा नव्हे. झोपायच्या आधी कोरडे मोजे आणि कानटोपी घाला, घट्ट झाकणाची गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पायाशी ठेवा. तंबू नाल्याच्या किंवा तलावाच्या काठी खोलगट जागी लावू नका, थंड हवा तिथेच साचते.

जेवणही पोटभर हवं. शेतात मुक्काम असेल तर तुरकाठ्यांवर वांगी भाजून भरीत-भाकरी करा, शेकून घेणं आपोआप होतं. पाल आणि पाटणादेवी मात्र अभयारण्याच्या परिसरात येतात. तिथे मुक्कामाला आणि विस्तवाला वनखात्याची परवानगी विचारल्याशिवाय काडी ओढू नका.

५. तरीही न्यायचाच असेल तर
ऑक्सिजन कमी झाल्यावर आणि कलंडल्यावर आपोआप बंद होणाराच हीटर घ्या. तो तंबूबाहेर, उघड्यावर बसून गप्पा मारताना वापरा. नायलॉनच्या कापडापासून लांब, सपाट जमिनीवर ठेवा. तंबूत नेऊ नका आणि झोपण्यापूर्वी डबा सुटा करून बाहेरच ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत असला तरी या नियमांत सूट घेऊ नका. दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा गरगरलं, तर थंडी बाधली म्हणून पांघरूण ओढू नका. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत काढा, १०८ ला फोन लावा, आणि रेंज नसेल तर गाडी काढून जवळचा दवाखाना गाठा.