त्वचेचा कर्करोग : महिन्यातून एकदा अंगावर नजर कशी फिरवावी

त्वचेचा कर्करोग पोटातल्या गाठीसारखा लपून बसत नाही, उघड्यावर असतो. तरी उशीर होतो, कारण पाठ आणि तळपाय आपण कधी पाहतच नाही.

१. उजेड आणि दोन आरसे. आंघोळीनंतर मोठ्या आरशासमोर उभं राहा, हातात छोटा आरसा घ्या. टाळू (भांग पाडत पाडत), कानांमागची जागा, मान, पाठ पाहा. मग खाली बसून तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखं. सावळ्या त्वचेला हा आजार कमी होतो हे खरं, पण त्यातला मेलानोमा हा प्रकार झालाच, तर बरेचदा तळहात, तळपाय किंवा नखाखाली उगवतो. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो होता. आधी फुटबॉलची दुखापत वाटली. १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला.

नखाला मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं. मुळापासून टोकापर्यंत गेलेली काळपट रेघ मात्र तिथेच राहते. ती रुंदावत असेल किंवा रंग बाजूच्या कातडीवर उतरला असेल, तर थांबू नका.

२. तीळ पारखा. दोन अर्धे जुळत नाहीत, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोन-तीन रंग, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, ही मेलानोमाची लक्षणं. पण माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण म्हणजे बदल. शंकास्पद तिळाशेजारी पट्टी धरून फोटो काढा, पुढच्या महिन्यात ताडून पाहा. मोठा दिसतोय की नुसतं वाटतंय, हा वाद तिथेच मिटतो.

३. न भरणारी जखम मोजा. बेसल सेल कार्सिनोमा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. चेहऱ्यावर चकचकीत पुळी येते, रक्त येतं, खपली धरते, बरी झाल्यासारखी वाटते आणि पुन्हा फुटते. तो सहसा दूर पसरत नाही, पण आजूबाजूचं मांस पोखरतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा खरखरीत, खपलीदार असतो, पसरूही शकतो. भाजल्याच्या जुन्या व्रणावर तो वर्षांनी उगवू शकतो. चार आठवड्यांत न भरलेली जखम त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, मलमं बदलत बसू नका.

४. बायोप्सीला घाबरू नका. सुई किंवा सुरी लागली की कर्करोग पसरतो, ही समजूत चुकीची. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. बहुतेकदा गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह कापून काढली की काम होतं. चेहऱ्यावर मोह्स शस्त्रक्रिया करतात: पातळ थर काढायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, कडा स्वच्छ होईपर्यंत पुढचा थर. मेलानोमा किती मिलिमीटर खोल गेलाय यावर पुढचं बरंच ठरतं. पसरला असेल तर इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध चेतवणारे उपचार) किंवा ठरावीक जनुकदोषावरच्या गोळ्या.

५. ऊन टाळा. अतिनील किरण पेशींच्या डीएनएला इजा करतात, हे मुख्य कारण. पाण्यातलं आर्सेनिक, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, घरातला इतिहास यांनीही धोका वाढतो. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन कडक समजा: लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन. ते दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर पुन्हा लावा, कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू न विसरता.